बांध घातल्यानंतरचा कायदा

महाराष्ट्रात माती आणि पाणी राखण्यासाठी झालेले कायदे, नियम आणि शासन निर्णय सलग वाचले की त्यांचा कल कुठे आहे ते लपत नाही. बांध कोणत्या उतारावर घालायचा, चर किती खोल खणायचा, मोजमाप कोणी घ्यायचे आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, याचे बारीकसारीक नियम आपल्याकडे ऐंशी वर्षांपासून आहेत. त्या बांधाने मुरलेले पाणी पुढे कोणी, किती आणि कोणत्या पिकासाठी उपसायचे, बांधाला खांड पडले तर ते कोणी सांधायचे, याविषयी कायद्यात कलमे आहेत. पण ती अंमलात आणण्याची जबाबदारी गावात कोणाच्याच अंगावर नाही. काम झाले, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, बिल निघाले की जलसंधारण पूर्ण झाले असे सरकार धरते. खरे तर त्या दिवशी ते सुरू होते. नियमांचे वजन कामावरून काढून वापरावर आणि निगेवर ठेवले पाहिजे, हे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे आणि पुढील पानांतले कायदे त्या नजरेने वाचले जावेत एवढी अपेक्षा आहे.

हे म्हणणे तपासायला सोलापूर जिल्ह्यातले श्रीपूर फार सोयीचे आहे. सोलापूर म्हणजे अवर्षणप्रवण जिल्हा, वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातच माळशिरस तालुक्याच्या पूर्वेला, नीरा आणि भीमेच्या टापूत श्रीपूर वसलेले आहे. नीरा उजवा कालवा या तालुक्यात आला त्या काळात, १९३४ साली, चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केले आणि श्रीपूरला साखर कारखाना उभा राहिला. पुढे भीमेवर उजनी धरण झाले, सहकारी कारखाने आले, श्रीपूरचाच पांडुरंग सहकारी साखर कारखाना आला. आज राज्यात सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत. त्याच तालुक्यात पश्चिमेकडे पिलीव आणि नातेपुत्याच्या बाजूला गेले की माळरान लागते, हलकी जमीन लागते, आणि पावसाच्या चार सरींवर वर्षाचा हिशेब करणारी शेती दिसते. एका टोकाला माती वाहून जाते, दुसऱ्या टोकाला ती जागच्या जागी पाण्याने आणि क्षारांनी मरते. तालुका एकच असला तरी पहिल्या दुखण्याचे कायदे कृषी आणि जलसंधारण खात्याकडे, दुसऱ्याचे जलसंपदा खात्याकडे, आणि दोन्हींच्या मधल्या विहिरींचे भूजल यंत्रणेकडे, अशी वाटणी झालेली आहे. पाणी मात्र या तिन्ही खात्यांच्या हद्दी न ओळखता माथ्यावरून पायथ्याला, पायथ्यावरून विहिरीत आणि विहिरीतून उसात जाते.

यातल्या बांधबंदिस्तीच्या कायद्याचे मूळ सोलापूरच्या मातीतच आहे, ही गोष्ट जिल्ह्यातही फारशी ठाऊक नसते. १९३३ मध्ये सोलापूर आणि विजापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. ना. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाऊस, वाहून जाणारे पाणी आणि त्याच्याबरोबर जाणारी माती यांची मोजणी केली, आणि कोरडवाहू शेतीची पद्धत बांधली. त्या कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली. इथली भारी काळी जमीन रब्बी ज्वारीसाठी राखलेली असते, म्हणून पावसाळाभर ती उघडी पडते. सप्टेंबरातला जोरदार पाऊस ज्या वेळी कोसळतो, त्या वेळी तिच्यावर पिकाचे पान नसते. पाणी साठवून घेण्यासाठी जमीन मोकळी ठेवायची आणि त्याच मोकळेपणामुळे ती धुपायची, असा हा पेच आहे. एकट्या शेतकऱ्याने आपल्या चार एकरांत कितीही केले तरी वरच्या शेतातले पाणी लोंढ्याने येते. म्हणून संपूर्ण पाणलोट धरून काम करण्याचा अधिकार सरकारला देणारा मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम १९४२ मध्ये झाला. धूप रोखणे, पाणीपुरवठा सुधारणे, कोरडवाहू पद्धती आणणे, पाणथळ आणि खारवट जमीन सुधारणे, चराई आवरणे, हे सगळे त्याच्या कक्षेत होते. योजना जाहीर करायची, जमीनमालकांचे आक्षेप ऐकायचे, काम झाल्यावर मालकाने त्याची निगा राखायची, न राखल्यास सरकारने दुरुस्ती करून खर्च जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करायचा, अशी त्याची रचना. एवढ्या जुन्या कायद्यात निगेची जबाबदारी इतक्या स्वच्छ शब्दांत लिहिलेली आहे, हे आवर्जून सांगावेसे वाटते. अडचण कलमाची नव्हती.

अडचण बांधावर उभे राहिले की समजते. समतल रेषेवर घातलेला बांध शेताची हद्द पाहत नाही. तो एकाच्या शेतात आडवा शिरतो, दुसऱ्याच्या शेताचा कोपरा तोडतो, आणि औत किंवा ट्रॅक्टर फिरवायला तिरकी पट्टी उरते. भारी काळ्या जमिनीत त्याच्या पोटाशी पाणी आठवडा आठवडा तुंबते, वाफसा येत नाही, पेरणी मागे पडते. उन्हाळ्यात बांधच भेगाळतो आणि पहिल्या मोठ्या पावसात त्या भेगेचे खांड होते, खांडाची घळ होते. मग शेतकरी दरवर्षी नांगराचे एक तास बांधात घालतो. बांध कोरणे हा शब्दप्रयोग आपल्याकडे भावकीच्या भांडणासाठी आहे, इथे तो सरकारी बांधाविरुद्ध होतो. इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९७५ पासून सोलापूर जिल्ह्यातल्या शिरापूर आणि कळमण या गावांचा दीर्घ अभ्यास केला. अशा कोरडवाहू भागांतल्या अभ्यासातून पुढे हेच दिसत गेले की समतल बांध शेतकऱ्याने मोडले आणि स्वतःच्या हद्दीवरचे बांध, धुरे, ताली स्वतःच्या खर्चाने राखले. यावरून शेतकरी अडाणी आहे असा निष्कर्ष काढणारे तेव्हाही होते. माझ्या मते शेतकऱ्याने नियमाचा दोष दाखवून दिला: ज्याच्या आखणीत आपण नव्हतो आणि ज्याचा फायदा खालच्या शेताला होतो, त्याची निगा कोणी राखत नाही. म्हणूनच पुढे भारी जमिनीसाठी ढाळीचे बांध आले, आणि सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राने शेतात छोटे चौकोनी कप्पे पाडून पडेल तिथेच पाऊस मुरवण्याची शिफारस केली. हे कप्पे शेतकरी स्वतः पाडतो, पेरणीच्या वेळी स्वतः मोडतो. त्याला कोणाच्या मोजमाप पुस्तिकेची गरज लागत नाही. ज्वारीच्या उत्पादनात त्याचा फरक दिसतो, म्हणून तो टिकला.

आता कालव्याच्या बाजूला या. नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर हॅरॉल्ड मॅन आणि तम्हाणे यांनी केलेला अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. नीरेचा आधीचा डावा कालवा येऊन पंचवीस वर्षेही झाली नव्हती, तेवढ्यात जमिनीवर पांढरे फुटू लागले होते. काळ्या जमिनीला निचरा कमी. वरून भरपूर पाणी सोडले की ते खालच्या थरात साचते, वर चढते आणि येताना क्षार घेऊन येते. पाणी उडून जाते, क्षार राहतात. त्यावर उपाय म्हणून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत आणली. ऊस कालव्याच्या तोंडाशी एका जागी न दाटता छोट्या ब्लॉकांत विखरायचा, ब्लॉकाच्या साधारण एक तृतीयांश क्षेत्रातच ऊस घ्यायचा, बाकीच्यात हंगामी पिके फिरवायची, आणि त्या बदल्यात सरकारने काही वर्षांच्या पाण्याची हमी द्यायची. हा नियम मला या सबंध विषयातला सर्वांत शहाणा नियम वाटतो. तो काम सांगत नाही, वापर सांगतो. मनाई करतो तशी हमीही देतो. आणि पाण्याबरोबर मातीचाही विचार करतो. पाण्याच्या वापरावर नियम घालणे आपल्या परंपरेत बसत नाही असे जे म्हटले जाते, त्याला नीरेच्या पाटाने शंभर वर्षांपूर्वी उत्तर दिलेले आहे. नंतर ऊस वाढत गेला, ब्लॉकाची शिस्त सैल झाली, आणि उजनीसारख्या आठमाही सिंचनासाठी आखलेल्या प्रकल्पावर बारमाही पीक उभे राहिले.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात कामांचा वेग वाढला आणि वापराचा प्रश्न आणखी मागे पडला. १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना काम द्यायचे होते. खडी फोडण्यापेक्षा पाझर तलाव, नाला बांध आणि बांधबंदिस्ती केव्हाही चांगली. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने त्याला कायमचा पाया दिला आणि तो महाराष्ट्राचा मोठा मान आहे. परंतु तेव्हापासून जलसंधारणाचे यश मनुष्यदिवसांत मोजायची सवय लागली. १९९२ मध्ये स्वतंत्र जलसंधारण खाते झाले तेव्हा मोजमाप हेक्टरांत आले, आणि ५ डिसेंबर २०१४ च्या शासन निर्णयाने जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले तेव्हा ते घनमीटरांत आणि गावांच्या संख्येत आले. या अभियानावर ९,६३३ कोटी रुपयांहून अधिक खर्च झाल्याचे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०२० मध्ये विधिमंडळापुढे आलेल्या अहवालात नोंदवले. त्यांनी तपासलेल्या सहा जिल्ह्यांत सोलापूर होता. त्यांचे आक्षेप वाचताना भ्रष्टाचाराच्या चर्चेत हरवलेले दोन मुद्दे मला अधिक महत्त्वाचे वाटतात. पाणी वाढले तसा शेतकरी जास्त पाणी पिणाऱ्या नगदी पिकांकडे वळला, त्याला आवरणारे धोरण नव्हते. आणि झालेल्या कामांच्या देखभालीसाठी पैशाची तजवीज झाली नाही. नाला रुंद आणि खोल करण्यावर भूजलतज्ज्ञांनी घातलेली सुमारे तीन मीटरची मर्यादा, माथा ते पायथा हा क्रम, हे नियम कागदावर होते. पण पोकलेनच्या तासाचे बिल पायथ्याला लवकर निघते, माथ्यावरच्या सलग समतल चरांना वेळ लागतो.

वापराचे कायदे नाहीत असे मात्र नाही. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आणले. २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला, त्यात बारमाही पिकांना कालव्याचे पाणी ठिबक किंवा तुषार असेल तरच देण्याची तरतूद आहे. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने काही प्रकल्पांवर उसाला ठिबक टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचा निर्णयही घेतला. २००९ चा भूजल अधिनियम २०१४ मध्ये लागू झाला. त्याची व्याप्ती मोठी आहे: ६० मीटरहून खोल विहिरीला बंदी, विहिरींची नोंदणी, अधिसूचित क्षेत्रात जादा पाणी लागणाऱ्या पिकांवर नियंत्रण, पाणलोटनिहाय समिती, भूजलाचा आराखडा. हा कायदा वाचून मग कोणत्याही गावात बोअर मारणाऱ्या गाडीचा भाव विचारावा. दोनशे-अडीचशे फुटांवर कोणी थांबत नाही हे लगेच कळते. शेततळ्याचेही तसेच झाले. वाहून जाणारा पाऊस धरण्यासाठी अनुदान मिळाले आणि पुष्कळ ठिकाणी प्लास्टिकचे अस्तर घालून तळे बोअरच्या पाण्याने भरले गेले. जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी पैसे खर्चून उन्हात आणून ठेवले. अनुदानाच्या अटींत काम आहे, पाणी कुठून भरले हे तपासणे नाही.

यावर पहिला आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूने येतो आणि तो हलका नाही. शहरांना आणि कारखान्यांना पाणी मोकळे, मग बंधने फक्त शेतावर का? ज्याने कर्ज काढून विहीर खणली त्याला त्याच्याच जमिनीखालचे पाणी मोजून द्यायचे का? हे विचारण्याचा शेतकऱ्याला अधिकार आहे, आणि नियम शहरालाही तितकाच कडक लागला पाहिजे हे मान्यच. पण बोअर बंद पडण्याचा फटका कोणाला बसतो ते पाहावे. सहाशे फुटांवर जाण्याची ऐपत असणारा जातो. दोन एकरांचा शेतकरी पहिल्याच कोरड्या बोअरला सावकाराकडे वळतो. आज नियम पाळला जात नाही म्हणून स्वातंत्र्य आहे असे नाही, फक्त सर्वांत खोल बोअर मारणाऱ्याचा नियम चालतो. विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून पुरंदर तालुक्यात नायगावपासून पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला, तेव्हा पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातल्या माणसांच्या प्रमाणात दिले, भूमिहीनाला वाटा दिला आणि ऊस वर्ज्य केला. तो नियम गरिबाच्या हिताचा होता. कायद्याने तो अजून स्वीकारलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक आकर्षक आहे: गाव एकत्र आले की कायद्याची गरजच काय? हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस आणि केळी टाळली, चराई आणि कुऱ्हाड आवरली, पाण्याचा ताळेबंद मांडला. आपल्या जिल्ह्यात बार्शी तालुक्यातल्या सुर्डीने २०१९ ची वॉटर कप ही जलसंधारणाची स्पर्धा श्रमदानावर जिंकली. या गावांबद्दल मनापासून आदर वाटतो. तरीही त्यांच्यावरून कायदा नको असा निष्कर्ष निघत नाही. गावाचा ठराव गावाच्या शिवेपर्यंत चालतो आणि जमिनीखालचे पाणी शीव जाणत नाही. सुर्डीने मुरवलेले पाणी शेजारच्या शिवारातला माणूस उपसू लागला तर सुर्डीच्या ग्रामसभेने काय करावे? शिवाय ठराव ज्या पिढीने केला ती गेली, गावात दोन गट पडले, की ठरावाला दाद मागायला जागा नसते. लोकांनी ठरवलेल्या नियमाला कायद्याचा आधार हवा, एवढेच मागणे आहे.

तिसरा आक्षेप अधिकाऱ्यांचा: अंमलबजावणी करायला माणसे कुठे आहेत? अंमलबजावणीत अमेरिकाही अडली होती. धुळीच्या वादळांनंतर तिथे १९३५ मध्ये मृदसंधारण सेवा स्थापन झाली, १९३७ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी राज्यांकडे नमुना कायदा पाठवला. त्यात स्थानिक मृदसंधारण जिल्ह्यांना जमिनीच्या वापरावर नियम करण्याचा अधिकार होता. तो फारच थोड्यांनी वापरला. शेजाऱ्यावर दंड बसवायला कोणी धजले नाही. १९८५ च्या कृषी कायद्याने वाट बदलली. अतिधुपीच्या जमिनीवर संधारणाचा आराखडा पाळला नाही तर सरकारी शेती अनुदाने बंद. दंडापेक्षा हे परिणामकारक ठरले आणि पुढच्या वर्षांत धूप लक्षणीय घटली. आपल्याकडे अनुदानांची संख्या कमी नाही. ठिबकाचे, शेततळ्याचे, विहिरीचे, फळबागेचे पैसे देताना बांध शाबूत आहे का, विहिरीची नोंद आहे का, एवढे दोन प्रश्न विचारणे अशक्य नाही. राहिला प्रश्न पीक मोजण्याचा. उसाइतके बारकाईने मोजलेले पीक महाराष्ट्रात दुसरे नाही. गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, आडसाली की पूर्वहंगामी की सुरू की खोडवा, सगळे कारखान्याच्या शेतकी विभागाच्या नोंदीत असते, कारण त्यावरच तोडणीचा कार्यक्रम ठरतो. २०२१ पासून ई-पीक पाहणीही आहे. श्रीपूरच्या परिसरात कोणाच्या रानात किती ऊस आहे हे कारखान्याला गळिताच्या आधी कळते आणि पाणी देणाऱ्या यंत्रणेला कळत नाही, ही अवस्था माणसांच्या कमतरतेने आलेली नाही. दोन दप्तरे एकमेकांना दाखवली जात नाहीत, म्हणून आलेली आहे.

ऊस बंद केला तर तालुका बसेल, हाही आक्षेप येतो. हमखास खरेदी आणि ठरलेला भाव उसालाच आहे. ज्वारीचे, हरभऱ्याचे, डाळिंबाचे काय होते ते शेतकऱ्याला ठाऊक आहे. म्हणून ऊसबंदी हा सरसकट उपाय मला मान्य नाही. ब्लॉक पद्धतीतली हमी मात्र परत आणता येईल: अमुक क्षेत्रापर्यंत ऊस, तोही ठिबकावर आणि निचऱ्याची सोय असेल तिथेच, आणि उरलेल्या क्षेत्रातल्या हंगामी पिकाला पाण्याच्या पाळीची खात्री. निचरा हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. सच्छिद्र पाइप टाकून जमिनीखालचा निचरा केला तर चोपण होऊ लागलेली जमीन सुधारते, पण पाइपातले पाणी शेवटी कोणाच्या तरी शेताच्या कडेने ओढ्याला न्यावे लागते. तो सामाईक चर कोणी खणायचा आणि दरवर्षी कोणी उपसायचा, यावर अनेक योजना अडतात. १९४२ च्या कायद्यात पाणथळ जमिनीचा समावेश होता, हे इथे पुन्हा कामाला येऊ शकते.

शेवटी श्रीपूरपुरता एक प्रश्न, ज्याची दखल कोणत्याच नियमात नीट घेतलेली नाही. पाणलोट समिती, पाण्याचा ताळेबंद, कामांची निवड, हे सगळे आपल्या नियमांनी ग्रामसभेच्या खांद्यावर ठेवले आहे. महाळुंग-श्रीपूरला आता नगरपंचायत आहे. ग्रामपंचायत गेली तशी ग्रामसभाही गेली. शेती, विहिरी, ओढे आणि चोपण जमिनी मात्र नगरपंचायतीच्या हद्दीत तशाच राहिल्या. माळशिरस आणि नातेपुते यांचेही तसेच. अशा गावांसाठी प्रभागनिहाय नव्हे, तर ओढ्यानिहाय, म्हणजे ज्या शेतांचे पाणी एका ओढ्याला मिळते त्या सर्व खातेदारांची आणि तिथल्या शेतमजूर कुटुंबांची सभा कायद्याने मान्य करावी लागेल. तिला विहिरींची नोंदवही, कारखान्याकडची ऊस नोंद आणि देखभालीसाठी छोटी का होईना पाणीपट्टी बसवण्याचा अधिकार द्यावा लागेल. त्यासाठी वेगळा कायदा करण्यापेक्षा भूजल अधिनियमाच्या चौकटीतच दुरुस्ती करावी. पुढील पानांत त्या अधिनियमाचा भाग वाचताना पाणलोट समितीच्या कलमापाशी थांबावे, आणि ती समिती श्रीपुरात आज कोण बोलावू शकेल हे तपासावे.